पुसलेला काना

माझ्या कीबोर्डवरून सगळ्यात आधी ‘ई’ गेला. मी इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत टंकते, आणि तिथे ‘ई’वर काना बसतो. मराठीत काना किती लागतो ते याच लेखात मोजून बघा. मागोमाग ‘के’ म्हणजे क आणि ‘जे’ म्हणजे र विरले. माझ्या बोटांचं काही अडलं नाही, पण भाचा पासवर्ड टाकायला बसला की मला हाका मारायचा.

शेवटी नवी बटणं घ्यायला गेले, तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने एक संच पुढे केला. “ताई, पीबीटी आहे.” खोक्यावरही प्लास्टिकचं तेच नाव छापलेलं. घरी आल्यावर पेल्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत खारं पाणी केलं. जुनं बटण आतली हवा काढून सोडलं, ते तरंगलं. म्हणजे ते एबीएस, दुसरं प्लास्टिक. नवं तळाशी गेलं, म्हणजे दुकानदार खरं बोलला होता. एबीएस मिठाच्या दाट पाण्याहून हलकं, पीबीटी जड. जुन्या बटणाची चकाकी मी वर्षभर बोटांचं तेल समजून पुसत होते. तेल पुसलं जातं. मऊ एबीएसचा घासून गुळगुळीत झालेला खरखरीतपणा परत येत नाही. पीबीटी त्यामानाने कणखर.

पण प्लास्टिक टिकलं म्हणून अक्षर टिकतंच असं नाही. माझ्या ‘ई’वर नुसती शाई होती. डबल शॉटमध्ये अक्षर वेगळ्या प्लास्टिकचं ओतलेलं असतं, बटण उलटं केलं की आत दुसरा रंग दिसतो. ते पुसायचा प्रश्नच नाही. मात्र प्रत्येक अक्षराला स्वतंत्र साचा लागतो. देवनागरीसाठी एवढा खर्च कोण करणार? दुकानात मला स्टिकरच दाखवले, आणि स्टिकरच्या कडा उन्हाळ्यात कशा सुटतात ते मी भोगलंय. डाय सब्लिमेशनला साचा लागत नाही. उष्णतेने रंग पीबीटीच्या आत मुरतो, त्यामुळे कुठलंही अक्षर चालतं. अट एकच, अक्षर बटणापेक्षा गडद हवं. म्हणून काळ्या बटणांचा मोह सोडून राखाडी घेतली आणि त्यांवर काळा काना करवून घेतला.

स्पेसबार तेवढा जुनाच ठेवला. पीबीटी थंड होताना जास्त आकसतं, आणि संचातली लांब पट्टी मधे किंचित वाकलेली निघाली. जुनी एबीएसची सरळ आहे, उजव्या अंगठ्याखाली तेवढी चकाकते.