विश्लेषण : ऑनलाइन गृहपाठात ‘हिंट’ घेतली की गुण का कमी होतात?

लोणारच्या विवराचा व्यास १.८ किलोमीटर धरला, तर त्याचा परीघ किती? बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या शाळेने हे गणित ऑनलाइन गृहपाठात दिले, असे समजू. एका विद्यार्थिनीने १.८ हीच त्रिज्या धरली आणि उत्तर आले ११.३ किलोमीटर. पडद्यावर हिंट आली : ‘१.८ ही त्रिज्या आहे की व्यास?’ तिला चूक कळली, तिने ५.६५ किलोमीटर हे बरोबर उत्तर लिहिले. तरीही ३ पैकी २ गुणच मिळाले. ती शिकली, पण गुण गेला. हे योग्य की अयोग्य, यावर ऑनलाइन गृहपाठ वापरणाऱ्यांत एकमत नाही.

ऑनलाइन गृहपाठ आपल्याकडे कसा आला?

करोनाकाळात शाळा बंद असताना गृहपाठ मोबाइलवर आला. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ हा व्हॉट्सअॅपवरील साप्ताहिक प्रश्नमंजूषेचा उपक्रम राज्यभर राबवला. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ पासून आहे. महाविद्यालयांत ‘मूडल’सारखी मोफत प्रणाली आणि आयआयटींचे ‘एनपीटीईएल’ अभ्यासक्रम परिचित आहेत. कागदी वहीत उत्तर तपासून मिळायला दोन दिवस लागत. इथे ते तत्क्षणी कळते आणि चुकल्यास पुढची पायरी सुचवता येते. या सुचवण्यालाच हिंट म्हणतात.

हिंट घेतल्यावर गुण कसे मोजतात?

प्रत्येक प्रणालीची रीत वेगळी आहे. मूडलमध्ये ‘अनेक प्रयत्नांची’ पद्धत निवडली, तर चुकीच्या उत्तरानंतर हिंट दिसते आणि पुन्हा उत्तर देता येते. प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला एक तृतीयांश गुण कापायचे, अशी मांडणी त्यात मुळातच केलेली असते. म्हणजे ३ गुणांच्या प्रश्नाला दुसऱ्या प्रयत्नात २ आणि तिसऱ्या प्रयत्नात १ गुण. ही कपात शिक्षक बदलू शकतात, शून्यही करू शकतात. मात्र प्रश्नमंजूषा ‘शेवटी निकाल’ या पद्धतीवर ठेवली, तर शिक्षकाने मेहनतीने लिहिलेल्या हिंट विद्यार्थ्याला दिसतच नाहीत.

‘खान अकॅडमी’च्या सरावात हिंट उघडली, की तो प्रश्न बरोबर सोडवल्यात धरला जात नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात विकसित झालेल्या गणित-शिक्षक प्रणालींत मागितलेली हिंट चुकीच्या उत्तरासारखीच नोंदली जाते. विद्यार्थ्याला ते कौशल्य अजून आलेले नाही, असा अंदाज त्यावरून बांधला जातो. काही प्रणाली याच्या उलट करतात : हिंट घेतल्यास कपात नाही, न घेतल्यास थोडा जादा गुण.

मग गुण कापायचेच कशाला?

कारण फुकटच्या हिंटचा गैरवापर होतो. बऱ्याच प्रणालींत हिंट पायरीपायरीने उलगडत जाते आणि शेवटची हिंट म्हणजे चक्क उत्तर असते. व्हिन्सेंट अलेव्हन आणि केनेथ कोडिंजर या संशोधकांना आढळले, की अनेक विद्यार्थी मधल्या हिंट न वाचताच भराभर शेवटच्या हिंटपर्यंत जातात. ज्यांना मदतीची खरी गरज असते, ते मात्र ती मागायचे टाळतात. रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की अशा ‘प्रणालीलाच चकवणाऱ्या’ मुलांचे शिकणे कमी होते. गुण कापले तर बोट थोडे थांबेल, हा कपातीमागचा विचार आहे.

अन्याय नेमका कुठे होतो?

पडद्यावरची हिंट नोंदली जाते, घरातली हिंट नोंदली जात नाही. बुलढाणा, खामगाव किंवा चिखलीत शिकवणी लावलेल्या मुलाने ‘सर, हे कसे करायचे?’ विचारून पहिल्याच प्रयत्नात बरोबर उत्तर टाकले, तर त्याला पूर्ण गुण. मोठ्या भावाने सांगितले, मित्राने व्हॉट्सअॅपवर उत्तर पाठवले, तरी पूर्ण गुण. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या वस्तीवर ज्या मुलाच्या घरी शिकवायला कोणी नाही, त्याला मोबाइलमधली हिंट हाच शिक्षक. गुण कापले जातात ते त्याचे. म्हणजे कपातीचा भार प्रामाणिकपणे मदत मागणाऱ्यावर आणि एकट्याने अभ्यास करणाऱ्यावरच पडतो.

त्यात घरात एकच मोबाइल असेल आणि तो आई-वडील शेतातून परतल्यावरच हाती येत असेल, तर मुलाकडे वेळही मोजकाच असतो. हिंट घेतली तर गुण जातात, न घेतली तर प्रश्न सुटत नाही. अशा वेळी उत्तर नकलून टाकणे हाच सोपा मार्ग वाटू लागतो. नक्कल थांबवण्यासाठी आणलेला नियम अशाने मुलाला नकलेकडेच ढकलतो.

तोडगा काय?

सराव आणि परीक्षा वेगळ्या ठेवणे, हा पहिला उपाय. एनपीटीईएलची रचना याला जवळची आहे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ८ स्वाध्यायांच्या सरासरीला २५ टक्के आणि केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असते. घरच्या स्वाध्यायात कोणी किती मदत घेतली, यावर त्यामुळे सगळा निकाल अवलंबून राहत नाही.

दुसरा उपाय हिंटच्या लिखाणात आहे. ‘परीघ = पाय × व्यास’ असे सूत्र हातात देण्याऐवजी ‘दिलेली संख्या त्रिज्या आहे की व्यास?’ असा प्रश्न विचारणारी हिंट विचार करायला लावते. अशा हिंटला गुण कापण्याची गरज नसते. कपात करायचीच, तर ती उत्तर उघड करणाऱ्या शेवटच्या हिंटपुरती ठेवता येते. हिंट घेतलेल्या विद्यार्थ्याला तशाच धाटणीचा दुसरा प्रश्न हिंटशिवाय देऊन तो सुटल्यास गेलेला गुण परत करता येतो.

शिक्षक आणि पालकांनी काय पाहावे?

हिंटची नोंद शिक्षकासाठी मोलाची आहे. वर्गातील निम्म्या मुलांनी एकाच प्रश्नाला हिंट घेतली असेल, तर तो धडा पुन्हा शिकवायला हवा, हे त्यातून कळते. एकही हिंट न घेता दर आठवड्याला पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी फळ्यावर अडखळत असेल, तर मदत दुसरीकडून येते आहे, हेही समजते. पालकांनी गुणांबरोबरच ‘हिंट कुठे घ्यावी लागली?’ असे विचारावे. गृहपाठ कुठे अडते ते कळण्यासाठी असतो. ते सांगणाऱ्या मुलालाच दंड झाला, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.