निरोप पोहोचला, उत्तराचं काय?

19 मे 2022 रोजी बडोद्याच्या कारेलीबागेत भरलेल्या युवा शिबिराला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे संबोधित केलं. कुंडळधाम आणि कारेलीबाग इथल्या स्वामिनारायण मंदिरांनी ते भरवलं होतं आणि तरुणांना समाजसेवेत व राष्ट्रउभारणीत सामील करून घेणं हा त्याचा जाहीर हेतू होता. दूरचा आवाज मंडपात आणणं आता सोपं झालं आहे. भाषण संपल्यावर मात्र खरी कसोटी लागते. ऐकणाऱ्यांपैकी कोण कामाला लागलं, कोणाला अडचण आली, ती कोणी सोडवली, याचा माग ठेवणं हेच अशा चळवळीतल्या डिजिटल संवादाचं मुख्य काम आहे, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं.

पोस्टर, रील, थेट प्रक्षेपण यांवर सगळा जीव ओतला जातो, कारण त्यांचे आकडे लगेच दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये 1024 जण मावतात; त्यात फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली की शिस्त येते, पण बाकी सगळे श्रोते होऊन बसतात. नेतृत्व घडवायचं तर वीस-पंचवीस जणांचे गट हवेत आणि प्रत्येक गटाला उत्तर देणारा एक जण हवा. निरोपही तसाच नेटका लागतो. ‘रक्ताची तातडीने गरज, कृपया पुढे पाठवा’ असा तारीख नसलेला मेसेज गरज भागल्यावरही महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि दिलेला फोन वाजत राहतो. तारीख, ठिकाण, जबाबदार माणूस आणि काम झाल्यावर ‘झालं’ असं कळवणं, एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ टळतो. बडोद्यात तर गुजराती, मराठी आणि हिंदी बोलणारी मुलं एकाच वस्तीत राहतात. एकाच भाषेतला निरोप काहींना दारातच अडवतो.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाला बोलू दिलं तर अफवा आणि भांडणं वाढतील. भीती खरी आहे. अफवांमुळे झालेल्या हत्यांनंतर 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपला घालावी लागली. पण तोंड बंद केल्याने अफवा थांबत नाही, ती दुसऱ्या ग्रुपमध्ये जाते. छोट्या गटात शंका विचारणारा आणि ती तपासणारा एकमेकांना ओळखतात, म्हणून खोटं तिथे लवकर उघडं पडतं. माणसं कमी आहेत, हा दुसरा आक्षेप. पण ज्यांना घडवायचं त्या मुलांनाच गट सांभाळायला द्यावा. नेतृत्वाचं याहून चांगलं शिक्षण कुठलं? फक्त अठरा वर्षांखालच्यांचे फोन नंबर आणि फोटो गोळा करताना पालकांची संमती आधी घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये झालेल्या कायद्याची अपेक्षा तीच आहे, आणि कायदा नसता तरी त्या घरांचा एवढा मान राखायलाच हवा होता.