लघुप्रमाण लढाऊ विमानासाठी विद्युत् मोटरची निवड

एखाद्या यंत्राची लहान प्रतिकृती करताना त्याची सर्व मापे सारख्याच प्रमाणात कमी केली म्हणजे काम भागले, असा समज सहज होतो. प्रतिकृती कपाटात ठेवावयाची असेल तर तो खरा आहे. ती उडवावयाची असेल तर मात्र तो फसवा ठरतो. बिनतारी संदेशाने नियंत्रित होणाऱ्या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीस योग्य मोटर कशी निवडावी, हा प्रश्न या दृष्टीने उद्बोधक आहे. उदाहरणादाखल ब्रिटनचे ‘स्पिटफायर’ हे विमान घेऊ. त्याच्या पहिल्या नमुन्याचे उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले.

या विमानाच्या आरंभीच्या प्रकारात पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २२.५ चौरस मीटर, वजन सुमारे २,६०० किलोग्रॅम व ‘मर्लिन’ एंजिनची शक्ती सुमारे १,०३० अश्वशक्ती, म्हणजे ७६८ किलोवॅट होती. एक-दशांश प्रतिकृतीत विस्तार १.१२ मीटर होतो. क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने घटत असल्यामुळे ते ०.२२५ चौरस मीटर उरते. वजन घनाने घटून २.६ किलोग्रॅम होते. दोन्ही विमानांवर गुरुत्वाकर्षण तेच असल्यामुळे, त्यांच्या हालचाली सदृश राहाव्यात असे वाटत असेल तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटला पाहिजे. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून ती लांबीच्या साडेतीनव्या घाताने कमी होते. याप्रमाणे १,०३० अश्वशक्तीच्या जागी केवळ २४३ वॅट उरतात.

परंतु या आकड्यावर विसंबून मोटर घेणे योग्य नव्हे. मंदगती लहान पंखाभोवतीचा प्रवाह मोठ्या पंखाभोवतीच्या प्रवाहासारखा नसतो. मूळ विमान उतरताना रेनॉल्ड्स अंक चाळीस-पन्नास लाखांच्या घरात असतो. आपल्या प्रतिकृतीत तो दीड लाखाच्या आसपास येतो. तेथे रोध वाढतो, पंखाची उत्थापनक्षमता घटते व प्रोपेलरची कार्यक्षमताही उतरते. म्हणून विचाराचा आरंभ एंजिनापासून न करता वजनापासून केला पाहिजे.

उत्थापन गुणांकाचे कमाल मूल्य १ धरल्यास २.६ किलोग्रॅमच्या प्रतिकृतीस हवेत राहण्यासाठी सेकंदाला किमान १३.६ मीटर वेग लागेल. हेच वजन निम्म्यावर, म्हणजे १.३ किलोग्रॅमवर आणले तर हा किमान वेग ९.६ मीटर होतो. ‘स्पिटफायर’चा पंख टोकाकडे निमुळता आहे. वळणावर वेग कमी पडला की असा पंख टोकाशी प्रथम निकामी होतो व विमान एका बाजूस कोसळते. त्यामुळे हलकेपणा हाच येथे सुरक्षिततेचा पहिला आधार होय.

यानंतर प्रोपेलरचा विचार येतो. एका फेऱ्यात प्रोपेलर सिद्धांततः जितका पुढे सरकेल त्या अंतरास पिच म्हणतात. पिच आणि सेकंदातील फेरे यांचा गुणाकार किमान वेगाच्या अडीच ते तीन पट असावा, असा व्यवहारातील संकेत आहे. मूळ प्रोपेलरचा व्यास सुमारे सव्वातीन मीटर होता, म्हणजे प्रमाणाने सुमारे १३ इंच येतो. पण गवताळ जमिनीपासून पुरेसे अंतर राहावे म्हणून ११ इंच व्यास व ७ इंच पिच असा प्रोपेलर घेऊ. मिनिटाला ९,००० फेऱ्यांना त्याचा पिचवेग सेकंदाला २६.७ मीटर, म्हणजे किमान वेगाच्या २.८ पट होतो. एवढ्या गतीस त्याला सुमारे ३०० वॅट शक्ती लागते.

आता मोटरची निवड सोपी होते. तीन लिथियम-पॉलिमर घटांची माला भाराखाली सुमारे १०.८ व्होल्ट देते. मोटर व नियंत्रक यांचा मिळून रोध ०.०५ ओहम आणि प्रवाह ३६ अँपिअर धरल्यास १.८ व्होल्ट रोधात खर्ची पडतात. उरलेल्या ९ व्होल्टवर ९,००० फेरे हवेत. म्हणून व्होल्टमागे १,००० फेरे देणारी ब्रशविरहित मोटर पाहिजे. मोटर भाराविना फिरवण्यास २ अँपिअर जातात असे मानले तर ३८९ वॅटपैकी ३०६ वॅट प्रोपेलरला मिळतात. हे प्रमाण किलोग्रॅममागे ३०० वॅट पडते व लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींच्या नेहमीच्या मर्यादेत बसते. ग्रॅममागे ३ वॅट हा प्रचलित हिशेब धरल्यास मोटरचे वजन १३० ग्रॅम असावे. ‘स्पिटफायर’चे नाक आखूड असल्याने गुरुत्वमध्य साधण्यासाठी पुढे वजन लागतेच, तेथे शिसे भरण्यापेक्षा किंचित भारी मोटर घेणे हिताचे.

शक्ती कमी वाटली की एक घट वाढवावा, हा मोह अनेकांना होतो. प्रोपेलरची शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते, हे येथे विसरले जाते. वरील मोटरला चौथा घट जोडल्यास प्रवाह सुमारे ५८ अँपिअर होतो व रोधात निर्माण होणारी उष्णता ६५ वॅटवरून १६८ वॅटवर जाते. वेटोळ्यांचे लाखरोगण जळून मोटर बंद पडते. तेही बहुधा उड्डाणाच्या क्षणी, जेव्हा खाली उतरण्यास जागा नसते. घट वाढवावयाचाच असेल तर प्रोपेलर लहान घ्यावा, अथवा व्होल्टमागे कमी फेरे देणारी मोटर निवडावी.

गणित झाल्यावरही मापन सुटत नाही. विमान घट्ट बांधून, प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कोणी उभे नाही याची खात्री करून, पूर्ण गतीस काही सेकंद वॉटमापक पाहावा. हवेत प्रोपेलरवरील भार हलका होत असल्यामुळे जमिनीवरील प्रवाह हा बहुधा कमाल प्रवाह समजता येतो. त्याहून ३० ते ४० टक्के अधिक क्षमतेचा, म्हणजे सुमारे ५० अँपिअरचा नियंत्रक निवडावा.

सारांश, वजन, किमान वेग, प्रोपेलर, मोटर व घटमाला हा निवडीचा क्रम आहे. क्रम उलटा केल्यास प्रत्येक दोष झाकण्यासाठी नवे वजन येते, आणि त्या वजनाबरोबर किमान वेगही वाढत जातो.