हिवाळ्यात एसीचं बाहेरचं युनिट झाकावं का?

लोणावळा-मावळात बर्फ पडत नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटला खरा त्रास होतो तो पावसाळ्याच्या ओलीचा. तरीही थंडीत एसी बंद झाला की आपल्यापैकी बरेच जण युनिट प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळतो. आत ओल कोंडते, गंज चढतो, उंदीर शिरून वायरी कुरतडतात.

त्यापेक्षा आधी एमसीबी बंद करून धूळ-पालापाचोळा काढावा. झाकायचंच तर फक्त वरची बाजू झाकावी. बाजूच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात. गरम हवेचा एसी हिवाळ्यात चालवत असाल तर काहीच झाकू नये. उन्हाळ्यात एसी सुरू करण्याआधी आच्छादन आठवणीनं काढावं, नाहीतर हवा कोंडून कॉम्प्रेसर जळू शकतो. चांगली वस्तू हलगर्जीपणानं वाया घालवणं हाही इसराफच, हे आपण मुलांनाही सांगूया.