गाडीचा एसी आणि चालकाचा श्वास

विक्रोळीच्या कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाईट या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल टॅक्सी नाहीतर कॅबच्या भाड्यावर पेटते. चालक दिवसाचे दहा-बारा तास बंद काचांआड काढतो. त्याच्या छातीत जाणारी हवा डॅशबोर्डामागच्या एका ओल्या कॉइलवरून येते. म्हणून गाडीचा एसी हा आरोग्याचाही विषय आहे.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तसा तो तापतो. रेडिएटरपुढचा कंडेन्सर ती उष्णता बाहेर टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा शोषतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना दाब एकदम उतरतो. मग कूलिंग कॉइलमध्ये या द्रवाची वाफ होताना भोवतालची उष्णता ओढली जाते आणि ब्लोअर गार हवा आत फेकतो.

मुंबईच्या दमट हवेत या कॉइलवर भरपूर पाणी धरते. ते नळीतून रस्त्यावर ठिबकलेच पाहिजे. नळी तुंबली की पायाखालची चटई ओली होते, कॉइलवर बुरशी वाढते आणि एसी लावताच कुबट वास येतो. दमेकऱ्याला ही हवा सोसत नाही. अत्तराची बाटली लटकवून वास लपेल, बुरशी जाणार नाही. नळी मोकळी करून कॉइल धुऊन घ्यावी. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे केबिन फिल्टर असतो. एलबीएस मार्गाच्या धुळीत तो लवकर काळा पडतो, तेव्हा सर्व्हिसिंगची वाट न पाहता काढून बघावा.

कांजूरच्या कचराभूमीचा वास आला की आतलीच हवा फिरवणारे बटण दाबले जाते. ठीक आहे, पण ते तासन्‌तास तसेच राहिले तर आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, डोके जड होते, पेंग येते. अधूनमधून बाहेरची हवा घ्या.

आता गॅरेजमधल्या आपल्या मुलांविषयी. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने ती शोधावी, व्हॅक्यूम पंपाने हवा-ओलावा ओढून घ्यावा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. बऱ्याच गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा फवारा डोळ्यावर उडाला तर नजर जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. हा गॅस ज्वाळेवर किंवा लालभडक धातूवर गेला की फुप्फुसे जाळणारी आम्लारी वाफ तयार होते. म्हणून जवळ विडी नको, वेल्डिंग नको. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचून श्वास कोंडतो.

स्वस्तात पडते म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणारेही भेटतात. आपल्या विक्रोळीच्या गोदरेजने २०१२ साली प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले हे खरे, पण ते यंत्रच त्या गॅससाठी बनवलेले असते. गाडीत कॉइल फुटली तर तोच ज्वलनशील वायू थेट प्रवाशांमध्ये येतो.

दुपारी इंजिन चालू ठेवून, काचा चढवून एसीत झोपणे मात्र पूर्ण टाळावे. सायलेन्सरच्या पाइपाला गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. डुलकी घ्यायचीच तर गाडी सावलीत, इंजिन बंद, काचा खाली.