बेटांची जलसफर : जहाज नंतर पाहा, आधी समुद्रातले तास मोजा
लहान मुलांसह क्रूझ निवडताना भिलाई-दुर्ग परिसरातील कुटुंबांनी काय पाहावे?

भिलाई : सुट्टीचे बेत आखताना गोवा, पुरी, महाबळेश्वर या नेहमीच्या नावांच्या जोडीला आता क्रूझचाही विचार होऊ लागला आहे. जाहिरातींमध्ये जलतरण तलाव, मुलांची खेळघरे, रात्रीचे कार्यक्रम आणि निळेशार पाणी दिसते. मात्र लहान मुले आणि आजी-आजोबा यांना घेऊन निघालेल्या कुटुंबाची सहल सुखाची होणार की त्रासाची, हे जहाजाच्या थाटापेक्षा तीन साध्या गोष्टींवर अवलंबून असते. समुद्रात सलग किती तास काढायचे, जहाजातून बेटावर कसे उतरायचे आणि परतीसाठी किती दिवस हाताशी राखायचे, या त्या तीन गोष्टी होत.

भिलाईसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरात हा हिशेब अधिकच महत्त्वाचा ठरतो. येथील पोलादाने समुद्र केव्हाच गाठला आहे. भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी पुरवलेल्या सुमारे ३० हजार टन विशेष पोलादाचा वापर झालेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झाली. येथील मुलांचा नौकाविहाराचा पहिला अनुभव मात्र बहुधा मैत्रीबागेच्या तलावापुरताच असतो. खुल्या समुद्रातील रात्र त्यांना मानवेल की नाही, हे आई-वडिलांनाही ठाऊक नसते.

भिलाईहून तीन वाटा

उष्ण कटिबंधातील बेटे पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. लक्षद्वीप आणि अंदमान हे देशातील दोन द्वीपसमूह तीन वेगवेगळ्या मार्गांनी गाठता येतात.

पहिली वाट कोचीमार्गे लक्षद्वीपची. ३६ बेटांच्या या द्वीपसमूहाचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी दहा बेटांवर वस्ती आहे. ही बेटे कोचीपासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर असून प्रवासी जहाजाला साधारणतः १४ ते १८ तास लागतात. लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम्’ ही पाच दिवसांची सहल ‘एम. व्ही. कवरत्ती’ या जहाजातून होते. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय या बेटांवर दिवसा फिरायचे आणि रात्री जहाजावर मुक्काम करायचा, अशी तिची रचना आहे. या जहाजात आलिशान सोयींची अपेक्षा ठेवू नये. मात्र तीन बेटे पाहायला मिळतात आणि प्रवास बराचसा रात्री, मुले झोपेत असताना होतो.

दुसरी वाट मुंबईची. कॉर्डेलिया कंपनीचे १९९० मध्ये बांधलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून देशांतर्गत फेऱ्या करू लागले. गोव्यापर्यंतच्या छोट्या आणि लक्षद्वीपपर्यंतच्या लांब, अशा दोन्ही प्रकारच्या सहली त्यात असतात. खेळघर, तलाव, अनेक उपाहारगृहे ही येथील जमेची बाजू. परंतु मुंबई ते लक्षद्वीप हे अंतर कोचीहून असलेल्या अंतराच्या दुपटीहून अधिक असल्याने जाता-येता पूर्ण दिवस समुद्रातच जातात आणि बेटावरचा वेळ साधारणतः एका दिवसापुरता मर्यादित राहतो. अशा सहलीत जहाज हेच मुख्य ठिकाण आणि बेट हा केवळ थांबा असतो. मुलांना नेमके काय दाखवायचे आहे, हे ठरवल्याशिवाय या दोन वाटांची तुलना करता येत नाही.

तिसरी वाट अंदमानची. कोलकाता, चेन्नई आणि विशाखापट्टणम येथून श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे प्रवासी जहाजे जातात. भिलाईकरांना यांतील सर्वांत जवळचे बंदर विशाखापट्टणम होय. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत गाडी तेथे सुमारे आठ तासांत पोहोचवते. मात्र पुढचा सागरी प्रवास सलग दोन दिवसांहून अधिक काळाचा असतो आणि विशाखापट्टणमहून फेऱ्या मोजक्याच असतात. त्यामुळे लहान मुलांसह श्री विजयपुरमपर्यंत विमानाने जाणे आणि तेथून स्वराज द्वीप व शहीद द्वीप या बेटांवर दीड ते अडीच तासांच्या प्रवासी बोटीने जाणे अधिक सोयीचे. समुद्राचा अनुभव मिळतो, पण रात्री मुक्काम जमिनीवर राहतो. मोठ्या मुलांना सेल्युलर जेल दाखवता येते, हेही मराठी कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचे आकर्षण आहे.

बोट का लागते?

गाडी लागते तशीच बोटही लागते. कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा शरीर हलत असल्याचे सांगते, तर केबिनच्या स्थिर भिंतींकडे पाहणारे डोळे ते स्थिर असल्याचे कळवतात. या विसंगतीतून मळमळ आणि उलट्या सुरू होतात. दोन ते बारा वर्षे वयोगटातील मुलांना हा त्रास विशेषत्वाने होतो. दोन वर्षांखालील बालकांना तो सहसा कमी होतो. परंतु उलट्यांमुळे मूल पाणी पिईनासे झाले तर शुष्कता लवकर येते, म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही.

उपाय बराचसा आरक्षणाच्या वेळीच करता येतो. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. उंचावरची, टोकाकडील केबिन दृश्यासाठी चांगली असली तरी पहिल्यांदा समुद्रावर निघालेल्या मुलासाठी नव्हे. प्रवासात हलका आहार द्यावा, मोबाइलचा पडदा दूर ठेवावा आणि मुलाला डेकवर नेऊन क्षितिजाकडे पाहायला लावावे. औषध आणि त्याचे प्रमाण बालरोगतज्ज्ञांकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणे धोक्याचे ठरू शकते.

शेवटचा टप्पा छोट्या बोटीचा

जलसफरीच्या माहितीपत्रकात सहसा न दिसणारी बाब म्हणजे जहाज ते बेट हा टप्पा. लक्षद्वीपची बेटे प्रवाळभिंतींनी वेढलेली आहेत. भिंतीच्या आत उथळ, शांत पाण्याचे लगून असते आणि मोठे जहाज तेथे शिरू शकत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी जहाज बाहेर थांबते आणि प्रवाशांना छोट्या बोटींत उतरवून किनाऱ्यावर नेले जाते. लाटा उंच असतील तर जहाज आणि बोट वेगवेगळ्या लयीत वरखाली होतात. अशा वेळी कडेवर मूल घेऊन पाऊल टाकणे तरुण माणसालाही कठीण जाते, गुडघेदुखीने त्रस्त आजीला तर अधिकच. म्हणूनच आरक्षणापूर्वी विचारण्याचा प्रश्न असा : प्रत्येक बेटावर थेट धक्क्यावर उतरायचे आहे, की समुद्रात बोट बदलायची आहे?

या छोट्या टप्प्याला गौण मानणे किती महागात पडते, हे १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत दिसले. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रवाशांच्या जीवरक्षक जॅकेटचा प्रश्न ऐरणीवर आला. मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहेत. प्रवासीसंख्येच्या किमान दहा टक्के इतकी, किंवा प्रत्येक मुलाला पुरतील इतकी, लहान मापाची जॅकेट जहाजावर असावी लागतात. छोट्या बोटीत मात्र पालकांनी स्वतः खातरजमा करावी. मोठ्यांचे सैल जॅकेट मुलाच्या अंगातून निसटू शकते. मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल तर बोटीत चढू नये, इतका साधा नियम पाळला तरी पुरे.

जहाजावर चढल्यावर होणारा आपत्कालीन सरावही टाळू नये. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कोर्डिया’ जहाज उलटल्यानंतर, हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा नियम करण्यात आला. मुले खेळघरात असताना भोंगा वाजला तर त्यांना कोण आणि कोठे आणणार, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

सुट्टी आणि ऋतू यांचा मेळ

शाळेची मोठी सुट्टी उन्हाळ्यात येते, तर मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे लक्षद्वीपचा समुद्र खवळलेला असतो. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळाचा तडाखा या बेटांनाही बसला होता. त्यामुळे उन्हाळ्यात जायचेच असेल तर मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत परतणे श्रेयस्कर. दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या तुलनेने अनुकूल असल्या तरी त्या काळातही चक्रीवादळे येतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे अंदमानातील हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, आणि नील, म्हणजे शहीद द्वीप, येथे शेकडो पर्यटक अडकून पडले होते. त्यांना नौदल व तटरक्षक दलाने बाहेर काढले.

यातून मिळणारा धडा परतीच्या तिकिटाचा आहे. जहाज सकाळी पोहोचणार म्हणून त्याच दुपारची गाडी पकडण्याचा बेत करू नये. दुर्गहून एर्नाकुलमला थेट गाडीने जाण्यास साधारणतः दीड दिवस लागतो आणि ही गाडी रोज नसते. जाण्या-येण्याचे तीन, जहाजावरचे पाच आणि दोन्ही टोकांना एकेक राखीव, असे दहा दिवस हाताशी असतील तरच ‘समुद्रम्’चा विचार करावा. कारखान्यातील पाळीची रजा तेवढी मिळणार नसेल तर रायपूरहून विमानाने जाणे किंवा छोटी सफर निवडणे योग्य. खराब हवामानात थांबा रद्द करण्याचा अधिकार जहाज कंपन्या करारात राखून ठेवतात, हेही आधी वाचावे.

सोयी आणि खर्च

खेळघर आहे, एवढी माहिती पुरेशी नाही. अनेक जहाजांवर तीन वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय तेथे ठेवता येत नाही. लंगोट वापरणाऱ्या बालकांना तलावात प्रवेश नसतो आणि तलावाजवळ जीवरक्षक असेलच असे नाही. सहा महिन्यांखालील बालकांना अनेक आंतरराष्ट्रीय कंपन्या जहाजावर घेतच नाहीत. चालू लागलेले मूल बरोबर असेल तर बाल्कनीच्या केबिनचा मोह टाळलेला बरा.

भाड्याची तुलना करताना माणशी दर न पाहता संपूर्ण कुटुंबाची अंतिम रक्कम मागावी. बंदर शुल्क, कर, सेवा शुल्क, बेटावरील फेरफटका, इंटरनेट आणि डॉक्टरांचे शुल्क अनेकदा वेगळे आकारले जाते. केबिनमधील तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला मिळणारी सवलतही विचारावी. समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च मोठा असल्याने प्रवास विम्यात ती तरतूद आहे का, हे तपासावे.

लक्षद्वीपला जाण्यासाठी तेथील रहिवासी नसलेल्या भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांनुसार दिल्या जाणाऱ्या या परवान्यात मुलांसह प्रत्येकाचे नाव ओळखपत्राप्रमाणेच असल्याची खात्री करावी. बेटांवर मद्यबंदी आहे, त्याला अपवाद फक्त बंगाराम बेटाचा. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा मुले सहज खिशात घालतात. परंतु प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असून तो उचलून आणणे गुन्हा ठरतो. सिंगापूरसारख्या परदेशी बंदरातून निघायचे असल्यास प्रत्येक मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट आवश्यक असतो आणि जहाज तेथेच परतणार असल्याने व्हिसावर दुसऱ्यांदा प्रवेशाची मुभा असावी लागते.

निवड कशी करावी?

घरात दोन वर्षांखालील बालक असेल तर अंदमानातील जमिनीवरचा मुक्काम आणि तासा-दोन तासांचा बोटप्रवास पुरेसा आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी मुंबई-गोव्यासारखी दोन रात्रींची सफर ही चांगली चाचणी ठरू शकते. आठ वर्षांवरील, पाण्याला सरावलेल्या मुलांना लक्षद्वीपची तीन बेटे अधिक काही देऊन जातील. मिनिकॉयचा १८८५ मधील दीपस्तंभ, लगूनमधील मासे आणि वेगळी भाषा बोलणारी माणसे यांची ओळख कोणत्याही तलावापेक्षा मोलाची असते.

कुटुंबातील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध सदस्याला जे झेपेल, तेच सर्वांना झेपते. त्यांच्यापासून हिशेब सुरू केला, तर कोणते जहाज निवडायचे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.