शिक्षकाने गप्प कधी बसावे?

२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट. करोनामुळे महाविद्यालय बंद होते. वैद्यकशाखेच्या आठ विद्यार्थ्यांना मी घरूनच, ऑनलाइन शिकवत होतो. त्यांच्यापुढे एक रुग्ण मांडला : कोकणातला भातशेती करणारा शेतकरी, चार दिवस ताप, पोटऱ्या दुखताहेत, डोळे लाल, लघवी कमी. ‘यातून काय कळते आणि काय शोधायला हवे?’ एवढेच विचारले. पलीकडे शांतता. मला राहवेना. ‘लेप्टोस्पायरोसिस!’ मीच सांगून टाकले. मुलांनी ते लिहून घेतले. तास संपला, आणि शिकणेही तिथेच संपले.

समस्येवर आधारलेली ही शिक्षणपद्धती कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ मध्ये सुरू झाली. तीत आधी व्याख्यान नसते, आधी प्रश्न असतो. आपल्याला काय ठाऊक आहे, काय नाही, याची यादी छोटा गट करतो, कामे वाटून घेतो आणि अभ्यास करून पुन्हा एकत्र बसतो. शिक्षक उत्तर देत नाही. चर्चा भरकटली की प्रश्न विचारतो.

वर्गात चेहरे दिसतात. कोण विचारात पडला आहे आणि कोणाला काहीच कळलेले नाही, हे ओळखता येते. पडद्यावर नुसती नावे. एक मुलगी कधीच बोलत नसे. मी तिला आळशी समजलो. नंतर कळले, तिच्या घरात मोबाइल एकच, शिवाय आवाज सारखा तुटत असे.

मग मी पद्धत बदलली. प्रश्न आदल्या दिवशी पाठवू लागलो, लिहून उत्तर द्यायची मुभा दिली, चर्चा चालवण्याचे काम आळीपाळीने मुलांकडेच सोपवले. पुढच्या आठवड्यात विचारले, ‘त्या गावात हा आजार आणखी कोणाला होऊ नये म्हणून काय करावे?’ आणि गप्प बसलो. त्याच मुलीची एक ओळ आली : ‘लावणी करणाऱ्यांच्या पायांना भेगा असतात का?’

तिथून चर्चेने वेग घेतला. उंदरांच्या लघवीने दूषित झालेले खाचरातले पाणी, भेगांतून शरीरात शिरणारे जंतू, गमबूट, जखमांची काळजी. सारे मुलांनीच शोधले. मी दोनच प्रश्न विचारले.

ऑनलाइन शिक्षकाचे खरे काम तासाच्या आधीचे असते. प्रत्येकाला बोलण्याची वाट करून दिली, तरच त्याला गप्प बसण्याचा अधिकार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)